रातपाळीवरचे रातकिडे

श्रावणात रात्री अकराच्या पुढे नवी मुंबईतल्या दिवाळे गावात दोनच आवाज उरतात. एक सायन-पनवेल महामार्गाचा आणि दुसरा खाडीच्या बांधावरून येणारा रातकिड्यांचा. महामार्गाबद्दल गावात रोज काही ना काही बोललं जातं. रातकिड्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ते असतात, एवढंच. मी याच कोळीवाड्यात जन्मले, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले आणि नोकरीची सगळी वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. शिकवता शिकवता ज्या थोड्या जिवांवर माझा जीव जडला, त्यांत हा किडा पहिला. आज त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे नाटकात, सिनेमात, मालिकेत रात्र दाखवायची असली की रातकिडे वाजवतात. सामसूम, एकांत, भीती, जे काही दाखवायचं असेल त्याच्या मागे तोच आवाज. त्यामुळे तो शांततेचाच आवाज आहे असं आपल्या मनात बसून गेलं आहे. प्रत्यक्षात त्या आवाजात शांत असं काही नाही. बांधाच्या भेगेत बसलेला एकेक नर तिथे रात्रभर अंगमेहनत करत असतो, स्वतःचा ठावठिकाणा मोठ्यानं सांगत असतो आणि त्यासाठी जीव धोक्यात घालत असतो. रातपाळी म्हणजे काय हे कोळ्यांच्या घरात सांगावं लागत नाही. होडी घड्याळावर निघत नाही, पाण्यावर निघते. मध्यरात्रीनंतर दोनला पाणी सोयीचं असेल तर दोनला उठायचं. आमच्या गावात रात्री जागी असलेली माणसं नेहमीच होती आणि त्यांच्या सोबतीला हे किडे होते.

माझे आजोबा रात्री खाडीवर गेले की आजी ओटीवर अंथरूण टाकून पडायची. झोपायची नाही. मध्येच म्हणायची, "रातकिरं गप झालं गो, कोन तरी आयलाय." आणि खरंच थोड्या वेळानं बांधावरून कुणाची तरी चाहूल यायची. ती आवाज ऐकत नव्हती, आवाज कधी थांबतो ते ऐकत होती. शाळेत शिकवायला लागल्यावर मला त्यामागचं कारण समजलं. रातकिड्याच्या मागच्या टोकाला दोन लांब शेपट्या असतात आणि त्यांच्यावर अतिशय बारीक केस असतात. हवा जराशी हलली तरी ते केस वाकतात आणि कुठल्या दिशेनं काय येतंय ते किड्याला कळतं. जमिनीची थरथर त्याला पायांतून कळते. माणसाचं पाऊल बांधावर पडलं की जवळचा नर लगेच थांबतो, मग त्याच्या पलीकडचा, मग त्याच्या पलीकडचा. माणूस पुढे गेला की मागचे पुन्हा सुरू होतात. आजी अंथरुणात पडल्या पडल्या येणाऱ्याची वाट मोजत होती.

आता हा आवाज निघतो कसा ते सांगते, कारण मोठ्या माणसांनाही वाटतं की रातकिडा तोंडानं ओरडतो. काही जण सांगतात की तो पाय घासतो. पाय घासणारे ते नाकतोडे. रातकिडा पंख घासतो. त्याच्या पुढच्या दोन पंखांच्या खालच्या बाजूला एकेका शिरेवर शंभराहून अधिक बारीक दात ओळीनं बसवलेले असतात. दुसऱ्या पंखाची कड त्यांच्यावरून फिरते. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावं तसं. पंख मिटताना आवाज निघतो, उघडताना निघत नाही. आपल्याला जी एक 'किर्र' ऐकू येते ती बहुतेक वेळा तीन-चार झटपट मिटण्यांची मिळून बनलेली असते. पंखावरचा एक पातळ, ताणलेला भाग त्या घर्षणाबरोबर थरथरतो आणि आवाज मोठा करतो. सेकंदाला साधारण साडेचार ते पाच हजार कंपनं, हा बांधावरच्या काळ्या रातकिड्यांचा स्वर. कान मात्र डोक्यावर नाहीत. पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरासं खाली, पातळ पडद्याचे ठिपके असतात, ते त्याचे कान. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास स्वतःच्या गुडघ्यांकडे बघायची.

गातो फक्त नर. मादी मुकी असते आणि तिला ओळखणं सोपं आहे. तिच्या मागे दोन शेपट्यांच्या मध्ये सुईसारखी सरळ नळी असते. ती नळी ओल्या मातीत खुपसून ती अंडी घालते. पहिल्या पावसानंतर माती मऊ झाली की बांधावर ही लगबग वाढते. अंड्यातून निघालेलं पिल्लू आईबापासारखंच दिसतं, फक्त त्याला पंख नसतात. आठ-दहा वेळा कात टाकून ते मोठं होतं आणि शेवटच्या कातीनंतर पंख मिळतात. पंख मिळाल्यावर आयुष्य काही आठवड्यांचं, फार तर दोन-तीन महिन्यांचं. त्यामुळे नराला वाया घालवायला रात्री नसतात.

मादी त्या आवाजाकडेच येते हे कसं सिद्ध झालं, ती गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका शिक्षकाची आहे. योहान रेगेन हा मूळचा स्लोव्हेनियाचा माणूस व्हिएन्नात शाळेत शिकवायचा आणि उरलेल्या वेळात रातकिड्यांवर प्रयोग करायचा. १९१३ साली त्यानं एका खोलीत गाणारा नर टेलिफोनच्या तोंडाशी ठेवला आणि दुसरीकडे, जिथे नर दिसण्याची किंवा त्याचा वास येण्याची शक्यताच नव्हती, तिथे टेलिफोनच्या ऐकण्याच्या टोकाजवळ मादी सोडली. मादी चालत चालत त्या टेलिफोनकडे गेली. तारेतून आलेला नुसता आवाज तिला पुरेसा होता. टेलिफोन तेव्हा नवलाईची वस्तू होती आणि त्यावर एका किड्याचं बोलणं दुसऱ्या किड्यापर्यंत पोचवून या माणसानं एक मोठा प्रश्न सोडवला. हा प्रयोग मी वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करायची.

मादी काय ऐकते? ती लय ऐकते. प्रत्येक जातीच्या नराची लय वेगळी असते आणि मादी आपल्या जातीची लय ओळखते. नराकडे तीन तऱ्हेचे आवाज असतात. दूरवर हाक मारण्याचा मोठा, खणखणीत. मादी जवळ आली की हळू आणि मृदू. आणि दुसरा नर समोर आला की तुटक, रागाचा. रात्री बांधाजवळ स्वस्थ बसलं तर हे तिन्ही वेगवेगळे ओळखू येतात. त्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही.

लय हवेतल्या उष्णतेवर बदलते. किड्याचं रक्त आपल्यासारखं एकाच तापमानाला राहत नाही, त्यामुळे गारठा पडला की त्याचे स्नायूही मंदावतात. अमेरिकेत अमोस डॉल्बेअर नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं १८९७ साली यावर एक छोटासा लेख लिहिला आणि रातकिड्याच्या किरकिरीवरून तापमान काढण्याचं सूत्रच दिलं. सोपं करून सांगायचं तर आठ सेकंदांत किती वेळा आवाज झाला ते मोजायचं, त्यात पाच मिळवायचे, म्हणजे अंश सेल्सिअस मिळतात. हे गणित तिथल्या झाडांवर राहणाऱ्या एका फिकट रातकिड्याला चांगलं बसतं. आपल्याकडच्या काळ्या किड्याला ते जसंच्या तसं लावू नये. पण फरक मात्र इथेही स्वच्छ कळतो. श्रावणातल्या दमट रात्रीची घाई आणि जानेवारीत वारा सुटल्यावरची संथ, अंतर राखून येणारी किरकिर शेजारी शेजारी ऐकल्या तर एकच किडा आहे यावर विश्वास बसत नाही. मग थंडीत मादी फसत नाही का? नाही. थॉमस वॉकर या अमेरिकन संशोधकानं १९५७ साली दाखवून दिलं की मादीची आवडही तापमानाबरोबर बदलते. गारठ्यात तिला संथ लय हवी असते, उकाड्यात जलद. दोघंही एकाच हवेत असतात, म्हणून दोघांचं जुळतं.

आणखी एक प्रश्न एका मुलीनं मला विचारला होता: "बाई, इतक्या जवळून स्वतःचा आवाज ऐकून त्याचे कान बसत नाहीत का?" मला हा प्रश्न अजूनही फार हुशारीचा वाटतो. केंब्रिजमधल्या जेम्स पुले आणि बेर्टहोल्ड हेडविग यांनी २००६ साली त्याचं उत्तर मांडलं. किड्याच्या मज्जासंस्थेत एक खास पेशी आहे. पंख हलवण्याचा हुकूम निघतो त्याच क्षणी ती पेशी ऐकण्याच्या यंत्रणेला कळवते, की आता येणारा आवाज आपलाच आहे, दुर्लक्ष कर. दोन किरकिरींच्या मधल्या क्षणात कान पुन्हा उघडे. आवाज करता करता तो इतरांचं ऐकत असतो.

या हाकेला दाम मोजावा लागतो. आवाज मादीला ऐकू येतो तसा पालीला, बेडकाला, वटवाघळालाही येतो. हवाई बेटांवर तर एक माशी रातकिड्याचा आवाज ऐकून येते आणि त्याच्या अंगावर आपल्या अळ्या सोडते. अळ्या त्याला आतून खातात आणि आठवडाभरात तो मरतो. तिथल्या कवाई बेटावर मार्लिन झुक ही संशोधक वर्षानुवर्षं रातकिडे मोजत होती. आवाज कमी कमी होत गेला. २००३ साली ती गेली तेव्हा बेट जवळजवळ मुकं होतं, तरी विजेरीच्या उजेडात किडे मात्र भरपूर दिसत होते. नरांच्या पंखांवरची ती दातांची रचनाच सपाट झाली होती. वीसहून कमी पिढ्यांत बहुतेक नर मुके झाले होते. मुके नर काय करतात? जे थोडे गाणारे उरले आहेत त्यांच्या आसपास जाऊन बसतात आणि तिकडे निघालेल्या माद्यांना वाटेत गाठतात. आवाज हा त्या जिवासाठी किती मोठा व्यवहार आहे हे त्या बेटानं दाखवलं.

आपल्या देशातही या किड्यावर फार सुंदर काम झालं आहे आणि ते आपल्या शाळांपर्यंत पोचलं पाहिजे असं मला कळकळीनं वाटतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक रोहिणी बालकृष्णन आणि त्यांचे विद्यार्थी झुडपांवर राहणाऱ्या एका नाजूक, हिरवट रातकिड्याचा अभ्यास करतात. या जातीचा एखादा नर पान कुरतडून त्याच्या मध्यावर भोक पाडतो, त्या भोकात डोकं घालून बसतो आणि पंख पानाच्या पृष्ठभागाला लावून वाजवतो. नुसत्या पंखांनी आवाज केला तर पुढची आणि मागची हवा एकमेकींत मिसळून आवाज विरतो. मध्ये पानाची भिंत आली की तो विरत नाही, दूर जातो. ध्वनिवर्धकाला लाकडी पेटीत बसवतात ते याच कारणानं. २०२० साली त्यांच्या गटानं प्रसिद्ध केलं की ही युक्ती प्रामुख्यानं लहान चणीचे, कमी आवाजाचे नर वापरतात आणि तिच्यामुळे मोठ्या नरांच्या बरोबरीनं माद्या त्यांच्याकडे येतात. एक किडा हत्यार बनवतो, आणि तेही दुबळा किडा बनवतो. हे वाचलं तेव्हा मी ते पान फळ्यावर काढून दाखवल्याशिवाय राहिले नाही.

माणसांनी या किड्याकडे कसं पाहिलं हे बघायला गेलं तर चीनपाशी थांबावंच लागतं. तिथे तांग घराण्याच्या काळात, म्हणजे बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी, राजवाड्यातल्या स्त्रिया सोन्याच्या छोट्या पिंजऱ्यांत रातकिडे ठेवून रात्री उशाशी घेत. नंतर झुंजींचा नाद लागला. सोंग घराण्याच्या अखेरच्या काळातला मुख्य मंत्री ज्या स-ताओ याच्या नावावर रातकिड्यांवरचं सगळ्यात जुनं पुस्तक आहे: कुठला किडा निवडावा, काय खायला घालावं, आजारी पडला तर काय करावं. मंगोल फौजांनी सीमेवरचं शहर वेढलं असताना हा माणूस किड्यांच्या झुंजीत रमला होता, असा ठपका इतिहासानं त्याच्यावर ठेवला. १२७५ मध्ये तो मारला गेला आणि चार वर्षांत ते राज्यही संपलं. पुढे मिंग सम्राट श्वान्द्यनं तर प्रजेकडून रातकिडे खंडणी म्हणून मागवले. एकेका झुंजार किड्यापायी घरं धुळीला मिळाली, आणि त्यावर पू सुंगलिंग या लेखकानं सतराव्या शतकात एक विलक्षण करुण कथा लिहिली. गरिबाच्या अंगणातल्या एका किड्यावर राजाची हौस उतरली की काय होतं ते त्यात आहे.

झुंजी मला आवडत नाहीत. पण त्या खेळणाऱ्यांनी किड्याकडे ज्या बारकाईनं पाहिलं त्याबद्दल मला आदर आहे. हरलेला रातकिडा काही तास पुन्हा लढायला तयार होत नाही. चिनी खेळाडू अशा किड्याला ओंजळीत घेऊन हलकेच हलवायचे, वर उडवायचे, आणि तो पुन्हा उभा राहायचा. हा शेकडो वर्षांचा अनुभव होता. जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात हान्स होफमान आणि पॉल स्टीव्हन्सन यांनी २००० साली तो तपासून पाहिला. हरलेल्या किड्याला वाऱ्याच्या झोतात थोडा वेळ उडू दिलं की त्याची लढायची तयारी परत येते, असं त्यांना आढळलं. उडण्याच्या हालचालीनं त्याची मज्जासंस्थाच पुन्हा लढाईच्या तयारीत येते. चिनी म्हाताऱ्यांना पेशी आणि रसायनं माहीत नव्हती, किडा माहीत होता. माझ्या आजीचंही तेच. ज्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं त्यांना तो काही ना काही सांगत आला आहे.

जपानी लोकांनी झुंजवलं नाही, ऐकलं. घंटेसारखा किणकिण आवाज करणारा 'सुझुमुशी' हा तिथला लाडका किडा. हजार वर्षांपूर्वीच्या 'गेंजी' या जपानी कादंबरीतल्या एका प्रकरणाचं नावच त्याच्यावरून आहे. एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून गाणारे किडे विकण्याचा रीतसर धंदा होता. विक्रेते बांबूचे पिंजरे खांद्यावर टाकून फिरत. मातीच्या भांड्यात अंडी ठेवून, ऊब देऊन हंगामाआधी किडे तयार करण्याची कलाही त्यांनी साधली. लाफकादिओ हर्न हा जपानमध्ये स्थायिक झालेला लेखक होता. १८९८ सालच्या त्याच्या पुस्तकात या बाजाराचं प्रेमानं केलेलं वर्णन आहे. क्योतोच्या केगोन मंदिरात आजही बारा महिने सुझुमुशी पाळतात, आणि त्यांच्या किणकिणाटात भिक्षू प्रवचन देतात.

आपल्याकडे रातकिडा आला तो अरण्याचा आवाज म्हणून. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांबरोबर निघालेला राम ताटकेच्या वनाशी पोचतो आणि झिल्लिकांनी, म्हणजे रातकिड्यांनी, गजबजलेलं ते घोर रान पाहून, हे कोणतं वन, असं ऋषींना विचारतो. तिथपासून रातकिडे म्हणजे निर्जन, भयाण जागा, ही खूण आपल्या साहित्यात रुळली. युरोपात उलट, चुलीच्या उबेला येऊन राहणारा घरातला रातकिडा शुभ मानला गेला. इंग्रज कादंबरीकार डिकन्सनं १८४५ च्या नाताळात चुलीजवळच्या रातकिड्याच्या नावानं एक गोष्टच लिहिली. इटलीच्या 'पिनोकियो' या पुस्तकात शहाणपणाचे चार शब्द सांगणारा रातकिडाच आहे. पिनोकियो त्याला हातोडा फेकून मारतो हे आपल्याकडच्या सिनेमा पाहणाऱ्या मुलांना माहीत नसतं, कारण सिनेमात त्याला जिवंत ठेवलं आहे.

खाण्याचाही भाग आहे, आणि मासळी खाणाऱ्या गावातल्या माणसानं त्यावर नाक मुरडू नये. नागालँडच्या बाजारात मोठे तपकिरी रातकिडे विकायला येतात आणि ते आवडीनं खाल्ले जातात. थायलंडमध्ये त्यांची शेती होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालात तिथे सुमारे २० हजार रातकिडा-शेतकरी असल्याची नोंद आहे. युरोपीय संघानंही २०२२ मध्ये घरगुती रातकिड्याला अन्न म्हणून परवानगी दिली. आपल्या सुकवलेल्या जवळ्यातही पायांसकट अख्खा जीवच असतो.

आता आमच्या खाडीशी जवळचं नातं असलेली गोष्ट. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा बेटावर कांदळवनं आहेत आणि त्या चिखलात एक छोटा, पंख नसलेला रातकिडा राहतो. पंख नाहीत, म्हणजे गाणंही नाही. ओहोटीला चिखल उघडा पडला की तो खाली उतरून खायला शोधतो आणि भरती आली की मुळांवर चढून बसतो. संशोधक आया सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे किडे प्रयोगशाळेत, समुद्रापासून दूर, सतत अंधारात ठेवले. तिथे ना पाणी वाढत होतं ना ओसरत होतं. तरीही किडे साधारण साडेबारा तासांच्या फेऱ्यानं जागे होत आणि थांबत. दोन भरत्यांमधलं अंतर तेवढंच असतं. २००८ साली हा शोध प्रसिद्ध झाला. घड्याळाकडे न बघता पाण्याची वेळ सांगणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. तसाच एक किडाही आहे हे वाचून मला मनापासून आनंद झाला, आणि जेट्टीवरच्या एका जुन्या नाखवांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "त्याला पन पोट हाय ना."

आमचा हा किनारा झपाट्यानं बदलला. शहर वसवणारी सरकारी संस्था सिडको १९७० साली आली आणि शेतं, मिठागरं, खाजणं यांच्या जागी शहर उभं राहिलं. महापालिकेचं घुमटाचं मुख्यालय, पाम बीच रस्ता, बेलापूरहून सुटणारी जलवाहतूक, आणि खाडीपलीकडे उलव्याला विमानतळ. यातल्या बऱ्याच गोष्टींचा मलाही उपयोग झाला आहे. रातकिड्याच्या बाजूनं पाहिलं तर सगळ्यात मोठा बदल उजेडाचा. त्याची सगळी दिनचर्या उजेड मावळला की सुरू होते. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये पंखांच्या मुळाशी दोन पिवळट ठिपके असलेल्या काळ्या रातकिड्यांवर (ही जात आपल्याकडेही सर्रास आढळते) एक प्रयोग प्रसिद्ध केला. जन्मापासून रात्रीही दिव्याच्या उजेडात वाढवलेल्या नरांचं वेळापत्रक बिघडतं. कधी गायचं हे ठरेनासं होतं आणि ज्याची त्याची वेळ वेगळी होत जाते. उजेड मंद असला तरी परिणाम दिसतो. मादी ऐकायला निघते ती रात्री. नर भलत्या वेळी गात बसला तर ऐकणार कोण?

जिथे उंच हायमास्ट दिवे आले तिथल्या बांधावरचे आवाज विरळ झालेले मी माझ्या कानांनी अनुभवले आहेत. कांदळवनाच्या कडेला, जिथे अजून अंधार शिल्लक आहे, तिथे ते दाट आहेत. दिवे नकोत असं मी कधीही म्हणणार नाही. रात्री मासळीची पाटी डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईला पायाखालचं दिसलंच पाहिजे. पण दिव्याला वरून झाकण असावं, उजेड रस्त्यावर पडावा, चिखलावर आणि तिवरांवर पडू नये, रंग पिवळसर असावा, आणि जिथे रात्री बारानंतर कुणी फिरकत नाही तिथला दिवा मंद करावा. एवढं सहज करता येतं. आमच्या गल्लीच्या टोकाला पोरांनी पत्र्याचं झाकण स्वतः बसवून घेतलं आहे.

मुलांना रातकिडा दाखवायचा असेल तर श्रावण-भाद्रपद हा काळ चांगला. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा; लाल उजेड त्याला फारसा दिसत नाही. आवाजाच्या जवळ गेलात की तो गप्प बसेल. तिथेच हालचाल न करता बसून राहा, तो पुन्हा सुरू होईल. तरीही तो नेमका कुठे आहे ते एकट्याला सापडत नाही. आवाजाची दिशा ठरवताना आपला मेंदू दोन कानांतला फरक बघतो, आणि या उंचीच्या स्वराला तो फरक नीट उमगत नाही. म्हणून दोघांनी चार-पाच पावलं अंतर ठेवून बसायचं, दोघांनी डोकं हळूहळू डावी-उजवीकडे फिरवायचं आणि आवाज जिथून सगळ्यात खणखणीत येतो तिकडे बोट दाखवायचं. दोन बोटांच्या रेघा जिथे मिळतात तिथे दगड किंवा भेग असेल. काचेचा पेला अलगद पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा. पंख पाहा, पुढच्या पायांवरचे कान पाहा, मागे सुई आहे की नाही ते पाहा. पाच मिनिटांत पुरे. मग जिथून उचलला त्याच भेगेपाशी सोडा. त्याचं बीळ तिथे आहे, आणि इतका वेळ तो ज्या मादीला बोलावत होता ती बहुधा निघालेली असते.